दाजींच्या पांढऱ्या गाडीची खुशाली

काळेवाडी,
कोजागरीचा दुसरा दिवस, दुपारचे तीन

तीर्थस्वरूप जयसिंगदाजी यांच्या सेफ्टी शूजपाशी धाकटा मेहुणा धनेश याचा वाकून नमस्कार.

पत्राला उशीर झाला हे मी आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे ते शोधून काढायचा त्रास तुम्हाला नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी चार वेळा लिहायला बसलो. पहिल्यांदा "आपली प्रकृती कशी आहे" इथपर्यंत आलो आणि शेजारच्या गल्लीत बोअर घ्यायची गाडी आली (ती दोनशे फुटांपर्यंत गेली, पाणी लागलं नाही, नुसती पांढरी पूड उडाली, सगळी गल्ली भूत दिसत होती). दुसऱ्यांदा अर्धं पान झालं होतं, तर आमच्या गॅरेजवाल्या सयाजीभाऊनी तेच पान गुंडाळून त्याचं नरसाळं केलं आणि कुणाच्या तरी गाडीत ब्रेक ऑइल ओतलं. तिसऱ्यांदा मात्र पत्र पुरं झालं. पण वाचून बघितलं तर त्यात सगळं खरंच लिहिलं गेलं होतं, म्हणून फाडलं. हे चौथं.

फोन का केला नाहीस, असं तुम्ही म्हणाल. दाजी, तुमचा फोन ताई उचलते. व्हॉट्सॲप पोरं वाचतात, आणि मोठ्यानं वाचतात. साणंदच्या तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर आलेलं कुरियर मात्र तुमच्याशिवाय कुणी फोडणार नाही, म्हणून हा जुना रस्ता धरला. तुमचा गुडघा कसा आहे? ताईची ॲसिडिटी? तिकडच्या वरणात गूळ असतो म्हणून ताई रडकुंडीला आली होती, आता सवय झाली असेल. मी बरा आहे. सयाजीभाऊंच्या गॅरेजात चिकटून मला साडेचार महिने झाले, वरच्या खोलीत राहतो, आणि "सहा महिने एका जागी टिकलास तर चाकणला तुझ्यासाठी शब्द टाकतो" हे तुमचं बोलणं मी विसरलेलो नाही. (मधे तीन दिवस मालवणला जाऊन आलो, पण ती रजा होती. सयाजीभाऊंना परत आल्यावर तसं सांगितलंय.)

आता मुख्य गोष्ट. तुमची पांढरी गाडी उत्तम आहे. इंजिन शाबूत आहे. ही दोन वाक्यं पुन्हा एकदा वाचा, पाणी प्या, आणि मगच पुढं या.

तुम्ही बदली होऊन साणंदला जाताना गाडी माझ्या स्वाधीन केलीत ती एकाच कामासाठी: आठवड्यातून एकदा तळवड्याला जायचं, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधलं कव्हर काढायचं, बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं चालू ठेवायची, आणि कव्हर घालायचं. हे मी इमानदारीत केलं. दहा मिनिटं नुसतं बसून काय करायचं, म्हणून एकदा डिकीही आवरली. ताईला तिथं आठ वर्षं सीएनजीची टाकी हवी आहे आणि तुम्ही आठ वर्षं "डिकीतली जागा जाते" म्हणताय. त्या जागेत एक जॅक, एक मोडकी छत्री आणि पोरांच्या गॅदरिंगमधली मिशी, एवढंच सापडलं. पण तो नवरा-बायकोचा मामला आहे, मी मधे पडत नाही.

तर झालं असं. चाकणकडच्या रणजीतशेठला (वडलांनी जमिनी विकल्या, ह्यानं लाल गाडी घेतली) आपल्या गाडीत नायट्रस बसवून हवा होता. डिसेंबरात कुठल्याशा खासगी धावपट्टीवर सरळ रेषेत पळायच्या शर्यती आहेत म्हणे. नायट्रस काय असतो ते तुम्हाला माहीत असणार, तुमची सतरा वर्षं इंजिन असेंब्लीत गेली. तरीपण लिहितो, कारण मलाही ते कळलंय हे तुम्हाला कळावं. निळ्या बाटलीत गॅस असतो, बटण दाबलं की इंजिनात घुसतो, ऑक्सिजन वाढतो, त्याच्या जोडीला जास्तीचं पेट्रोल जळतं आणि गाडी पिसाळते. सयाजीभाऊनी तो सगळा सरंजाम बंगळूरच्या एकाकडून जुना उचलला होता. आणि माणूस धोरणी. शेठच्या नव्या गाडीला हात लावण्याआधी त्यांना तो दुसऱ्या कशावर तरी करून बघायचा होता. म्हणाले, "एकांदी जुनी डिस्ट्रिब्युटरवाली गाडी पायजे राव. टायमिंग हातानं फिरवता येतं आसली."

मी एवढंच म्हणालो की अशी एक गाडी तळवड्यात कव्हरखाली झोपलेली आहे. "वापरा" असं मी म्हणालो नाही. "वापरू नका" असंही म्हणालो नाही. मी खिशात हात घातला, तर किल्ली वाजली.

दाजी, पाणी प्यायलात ना?

बाटली डिकीत बसली. नळी गाडीच्या पोटाखालून पुढं गेली, आणि गिअरच्या शेजारी एक लाल बटण आलं. पण खरं काम त्याच्यापुढचं असतं, आणि ते मला सयाजीभाऊंनी तीन दिवस चहाच्या वेळी शिकवलं. इंजिनातली ठिणगी पिस्टन पार वर पोचायच्या जरा आधी टाकतात, कारण पेट्रोलला जळायला वेळ लागतो. नायट्रस आला की तेच जळणं झपाट्यानं होतं, म्हणून ठिणगी उशिरा टाकायची. "चुलीत रॉकेल वतलंय म्हटल्यावर काडी घाईनं लावशील का?" सयाजीभाऊ म्हणाले. "जरा थांबशील, हात लांब करशील. तसंच हाय ह्ये." ही झाली टायमिंगची गोष्ट. दुसरी ऑक्टेनची. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची सहनशक्ती. कमी ऑक्टेनचं पेट्रोल जास्त दाबलं की ठिणगीची वाट न बघता स्वतःच पेटतं, वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हाणतं, आणि चारदोन सेकंदांत पिस्टनला भोक. जास्त ऑक्टेनचं कितीही दाबा, ठिणगी पडेपर्यंत गप्प राहतं. माझ्या अंदाजानं आपल्या घरात आई साधारण ऐंशी, ताई एक्याण्णव (पाहुणे असतील तर पंच्याण्णव), आणि तुम्ही, दाजी, शंभर. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. पुढं लागणार आहे.

तर ठरलं ते असं की टायमिंग चार डिग्री मागे घ्यायचं (म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा) आणि टाकीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं. कामं दोनच. ती दोन्ही माझ्याकडे आली.

पेट्रोलचं आधी सांगतो. कॅनमध्ये पंपवाले देत नाहीत, म्हणून टाकी जवळजवळ रिकामी करून गाडीच घेऊन निघालो. जिथं शंभरचं मिळतं तिथं पोचलो तर नळीवर "स्टॉक संपला" अशी पाटी. तिथला पोरगा म्हणाला मोशीकडे बघा. मोशीकडे निघालो, तर वाटेत कलंडलेला कंटेनर सरळ करायला दोन क्रेन लागल्या होत्या. दाजी, तुम्ही असता तर तुम्हीही थांबला असता. एक क्रेन ओढायची, दुसरी सोडायची, आणि खाली एक पोट सुटलेले गृहस्थ, ज्यांचा त्या कंपनीशी, त्या कंटेनरशी, कशाशीच काही संबंध नव्हता, ते दोघांना हातवारे करून हुकूम देत होते, आणि दोघेही ते ऐकत होते! दीड तास गेला. गाडी मात्र मी चालूच ठेवली होती (बॅटरी उतरू नये म्हणून). त्यामुळं निघालो तेव्हा काटा तळाला टेकला होता, आणि आचके देत देत जो पहिला पंप आला त्यात घुसलो. तिथं होतं ते साधं, एक्याण्णवचं. ते भरलं. गॅरेजात आल्यावर "भरलं का रं?" असं सयाजीभाऊनी विचारलं. मी म्हणालो, "भरलं." त्यांनी कुठलं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो, पण अडखळलो नक्की असतो.

आता टायमिंग. त्याआधी खंडेनवमी सांगायला हवी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्या लाइनवर तर रोबोटलाही झेंडूची माळ घालायचे. आमच्या गॅरेजातली पूजा सयाजीभाऊंची आई, कौशल्याबाई, करतात. वय पंचाहत्तर. एकही वस्तू त्या सोडत नाहीत. पान्हे, व्हाइस, कॉम्प्रेसर, हवेचं मीटर, मी जेवतो तो स्टीलचा डबा, सगळ्याला हळदीकुंकू. तुमची पांढरी बॉनेट उघडून उभी होती. बाईंनी कौतुकानं आत बघितलं आणि हात पोचेल तिथं तिथं बोट लावलं. बॅटरीला, रेडिएटरला, एअर फिल्टरला. आणि सगळ्यात खाली, इंजिनाच्या पुढच्या पुलीलासुद्धा.

त्या पुलीवर टायमिंगची खूण असते. तुमच्या गाडीवरची मूळ खाच गंजून बुजली आहे आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ तुम्हीच मारलेली आहे. ती तेलाखाली काळी पडली होती. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीभाऊंना चाकणहून एका टेम्पोवाल्याचा फोन आला, तो रस्त्यात बंद पडला होता. जाता जाता त्यांनी माझ्या हातात टायमिंग लाइट दिला. म्हणाले, "पुलीवरची खूण बघ, चार डिग्री मागं घे, आन् दुसऱ्या कशाला हात लावू नको." टायमिंग लाइट ही जगातली सर्वांत सुंदर वस्तू आहे, दाजी. चिमटा प्लगच्या वायरीला लावायचा, पुलीवर रोख धरायचा, आणि जेव्हा जेव्हा ठिणगी पडते तेव्हा तेव्हा तो लखकन लागतो. त्यामुळं गरागरा फिरणारी पुली जागेवर थांबल्यासारखी दिसते. मी बराच वेळ नुसता तोच खेळ बघत होतो. आणि त्या उजेडात, मधोमध, झळझळीत पिवळी, तेलकट पुलीवर पक्की बसलेली खूण दिसली. मला वाटलं, बघा, दाजींचं काम म्हणजे काम. इतकी ठसठशीत खूण! मी डिस्ट्रिब्युटर (चारी प्लगना ठिणगी वाटणारा डबा) सैल केला, त्या पिवळ्यापासून चार डिग्री मोजल्या, आणि आवळून टाकला.

ते कौशल्याबाईंचं बोट होतं.

दुपारी सयाजीभाऊ आले. गाडी चालू केली आणि कान तिरका केला. "लय मरगळल्यासारखी वाजतीया," म्हणाले. पण तेवढ्यात रणजीतशेठ येऊन टपकले, आणि गिऱ्हाइकासमोर आपल्या कामावर शंका घेत नाहीत, हा त्यांचा नियम. तळवड्यात एक बंद पडलेलं वर्कशॉप आहे, आत सरळ काँक्रीटचा पट्टा, आणि वॉचमन सयाजीभाऊंच्या गावचा. तिथं गेलो. मी गाडी चालवायची, सयाजीभाऊनी शेजारी बसून डोकं डॅशबोर्डला लावून ऐकायचं (पेट्रोल आपोआप पेटायला लागलं की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो), आणि शेठनी भिंतीजवळ उभं राहून मोबाइलमध्ये शूटिंग करायचं. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. सयाजीभाऊ म्हणाले, "दाब." मी दाबलं.

सुस्स झालं. मग काहीच झालं नाही. मग सायलेन्सरमधून असा बार उडाला की वॉचमनच्या खोलीवरची सगळी कबुतरं उडाली आणि वॉचमन बाहेर आला. तीन सेकंदांनी मी बटण सोडलं. पांढरी आपली रोजच्यासारखी, भाजी आणायला निघाल्यासारखी, पट्ट्याच्या टोकाला जाऊन थांबली. रणजीतशेठनी मोबाइल खिशात घातला. "सयाजीभाऊ," म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आमच्या मम्मीची स्कूटी पळते. राहू द्या." आणि गेले ते गेले.

सयाजीभाऊनी बॉनेट उघडलं, लाइट लावला, पुलीकडं बघितलं. मग बोटानं ती पिवळी खूण पुसली, बोट नाकाला लावलं, आणि माझ्याकडं बघत राहिले. दाजी, त्या नजरेत माझं सगळं बारावीपर्यंतचं शिक्षण येऊन गेलं. तेलकट फडक्यानं त्यांनी तुमची खरी रेघ वर काढली आणि मोजलं. चार डिग्रीच्या जागी टायमिंग पंधरा डिग्री मागे गेलं होतं. "तरीच गपगार!" ते म्हणाले. "एवढं चांगलं पेट्रोल घालून..." आणि इथं मी अडखळलो.

मी सांगितलं. पंप, पाटी, क्रेन, पोट सुटलेले गृहस्थ, सगळं. ते मटकन टायरवर बसले. मला वाटलं आता पान्हा येतो. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "प्लग काढ," एवढंच म्हणाले.

प्लगच्या टोकावर चांदीसारखे बारीक ठिपके दिसले, तर तो वितळलेला पिस्टन असतो. म्हणजे इंजिन गेलं. मला तेव्हा तुमचीच आठवण आली, दाजी. पहिल्या पगारवाढीवर घेतलेली गाडी. ह्याच गाडीतून ताईला तुम्ही बाळंतपणाला नेलंत, आणि मला तीनदा तीन वेगवेगळ्या नोकऱ्यांवरून परत आणलंत, आणि एकदाही "काय झालं?" असं विचारलं नाहीत. पहिला प्लग काढला. सयाजीभाऊनी उन्हात धरला. स्वच्छ. दुसरा. स्वच्छ. तिसऱ्याला माझा पान्हा घसरत होता. तोही स्वच्छ. चौथ्यावर एक ठिपका चमकला. सयाजीभाऊनी तो नखानं खरवडला, निरखला, आणि खो खो हसायला लागले. हळद होती. पूजेतल्या पान्ह्याची, माझ्याच हातावाटे लागली होती.

मग चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. चारी सारखे. सयाजीभाऊ म्हणाले (हे मी शब्दशः लिहितो, कारण माझं कौतुक करणारं ह्या गॅरेजातलं हे एकमेव वाक्य आहे), "भावा, त्या पेट्रोलवर टायमिंग बरोबर लावलं आस्तंस तर चारी पिस्टन गेले आस्ते. तू गाढवपणा दोन केलेस म्हून वाचलास. येकच केला आस्तास तर मेला आस्तास." कौशल्याबाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, "मी हळद लावली म्हून वाचलं."

मग सगळं पूर्ववत केलं. टायमिंग तुमच्या पांढऱ्या रेघेवर परत आणलं, बटण काढलं, नळी काढली, बाटली काढली, गाडी धुतली. आता ती गॅरेजाच्या दारात उन्हात उभी आहे आणि शिलाईच्या मशिनसारखी चालते. छातीवरचं ओझं उतरलं. सहा दिवसांत काल पहिल्यांदा मला झोप लागली, तीही दूध आटायच्या आत. ताईला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमचाच, यापुढं फक्त दहा मिनिटं गाडी चालू ठेवणारा,
धनेश

ता. क. हे सगळं ताईला तुम्हीच सांगा, खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. मी सांगितलं तर ती एक्याण्णव आहे. टायमिंग मागे घेऊन सांगा. जेवण झाल्यावर, पोरं झोपल्यावर, आधी माझ्या प्लग काढण्याचं कौतुक करून. तुम्ही शंभर आहात हे मी वर लिहिलंच आहे.

दुसरा ता. क. "बटण काढलं, नळी काढली, बाटली काढली" असं वर लिहिलंय, ते पत्र तुमच्या हातात पडेल तोवर खरं होईल या हिशेबानं. तूर्त तिन्ही जागेवर आहेत. सोमवारी काढतो. टायमिंग मात्र खरोखरच तुमच्या रेघेवर आणलंय, आणि टाकीत अजून तेच साधं पेट्रोल आहे.

तिसरा ता. क. दाजी, गल्लीत रिक्षा थांबली आणि ताई उतरली! एकटी. वरच्या खिडकीतून मला दिसतेय. तुमच्या फ्लॅटची किल्ली न्यायला आली असणार. ती येणार हे तुम्हाला माहीत होतं ना? मग कळवलं का नाहीत? (तुम्हीही पत्र लिहायचं टाळत असाल.) कौशल्याबाई तिला पाणी देतायत. गाडी दारात बघून ती खूश झाली. बॅग ठेवायला तिनं डिकी उघडली.

तिनं वाकून निळी बाटली निरखली. मग एकदम, "अगंबाई! बसवला का शेवटी ह्यांनी गॅस?" कौशल्याबाई म्हणाल्या, "व्हय की. ग्यासच हाय." आणि त्या हळदीकुंकवाचा करंडा आणायला आत गेल्या, नवी टाकी म्हणून. ताई पदरानं डोळे पुसतेय. आठ वर्षं डोकं फोडलं आणि माणसानं न सांगता-सवरता बसवला, म्हणतेय. आता ती तुम्हाला फोन लावतेय. दाजी, काहीही विचारलं तरी नुसतं "हो" म्हणा. हे पत्र तुम्हाला चार दिवसांनी मिळेल हे मला कळतं, तरीपण म्हणा.

ती गाडीत बसली. किल्ली लावलेलीच होती. आता वर बघून विचारतेय, धन्या, देहूला जाऊन येऊ का, आणि गॅसवर घ्यायला हे लाल बटणच दाबायचं ना?

बाटलीची चावी मी बंद केलेली आहे. बहुतेक. खाली पळतो.